डिझेलच्या वाटेतली हवा

जुन्या डिझेल गाडीचा फिल्टर बदलल्यावर ती सुरू झाली नाही, तर बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. फिल्टर उघडताना इंधनाच्या वाटेत हवा शिरलेली असते. 'गाडीने एअर घेतली' असे मिस्त्री म्हणतात ते यालाच. ही हवा बाहेर काढेपर्यंत इंजिन कितीही फिरवले तरी पेटत नाही. फिरवत राहण्याच्या नादात मात्र बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि अर्ध्या तासात चालू झाली असती ती गाडी टोचन करून न्यावी लागते.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रसंग अनोळखी नाही. भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा महिंद्राच्या कमांडर व मार्शल, टेम्पो ट्रॅक्स आणि १९९४ साली आलेली टाटा सुमो या गाड्यांचा जोर होता. एमएच-३५ क्रमांकाच्या सुरुवातीच्या पाट्या ज्या गाड्यांवर लागल्या, त्यांतल्या कितीतरी याच पिढीच्या. जंगल आणि धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या रस्त्यांवर या गाड्या टिकल्या, याचे मोठे कारण त्यांचे इंजिन. त्यात संगणक नाही, संवेदक नाहीत. पाने, पक्कड आणि डोके शाबूत असलेला माणूस ते कडूनिंबाखाली उघडून पुन्हा जोडू शकतो. अट एकच, डिझेल टाकीतून नोझलपर्यंत कसे जाते हे त्याला ठाऊक हवे.

ही वाट तशी सरळ आहे. टाकीच्या तळाशी जाळी असते. तिथून नळी इंजिनाकडे येते आणि फीड पंप डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून गाळलेले डिझेल मुख्य पंपात जाते. मुख्य पंप ते प्रचंड दाबाने जाड पोलादी नळ्यांतून एकेका नोझलला पोचवतो आणि उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. गावाकडचे जुने मिस्त्री मुख्य पंपाला अजून 'मायको पंप' म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि १९५१ मध्ये बंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली. तिचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जातो. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण नाशिकचे मायको सर्कल आणि मिस्त्र्यांच्या तोंडचा मायको पंप तसाच राहिला.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. सिलिंडरमधली हवा वीसेक पट दाबली की ती पाचशे अंशांच्याही वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो पेटतो. फवारा पडण्यासाठी नोझल उघडावे लागते. जुन्या गाड्यांचे नोझल इंजिनाच्या प्रकारानुसार साधारण १२० ते २५० बार दाबाला उघडते. एक बार म्हणजे आपल्या भोवतीच्या वातावरणाचा दाब. इतका दाब एका फटक्यात तयार व्हायचा, तर पंपाच्या दट्ट्यासमोर न दबणारे काही असायला हवे. डिझेल असे आहे. १५० बारला त्याचे आकारमान जेमतेम एक टक्क्याने घटते. त्याच दाबाला हवा मात्र दीडशेव्या हिश्शाएवढी होते.

त्यातही दट्ट्या एका वेळी किती डिझेल ढकलतो, हे लक्षात घ्यायला हवे. अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन नुसते धडधडत उभे असताना एका फवाऱ्यात सहा-सात घन मिलिमीटर डिझेल जाते. पाण्याचा साधा थेंबसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा बुडबुडा त्या जाड नळीत असला, तरी दट्ट्याचा सगळा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होतो. दट्ट्या मागे गेला की बुडबुडा पुन्हा फुगतो. नोझल उघडतच नाही. इंजिन फिरते, पंप चालतो, टाकीत डिझेल आहे आणि तरी सिलिंडरमध्ये थेंबही पोचत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. नाल्यावर किंवा विहिरीवर लावलेल्या डिझेल इंजिनाची टाकी एकदा कोरडी पडली की फक्त डिझेल ओतून ते चालू होत नाही, आधी हवा काढावी लागते, हे त्याने अनेकदा पाहिलेले असते. गाडीतही तेच घडते, फक्त नळ्या जास्त आणि बोनेटखाली जागा कमी. योगायोग असा की रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या पहिल्या इंजिनात इंधन आत फुंकण्यासाठीच दाबाखालची हवा वापरली जाई. पुढे पंप इतके नेमके बनू लागले की हवेची गरज संपली आणि नंतर तीच हवा या पंपांची सर्वांत मोठी अडचण ठरली.

फिल्टर मुळात बदलावाच का लागतो, याचे उत्तरही पंपाच्या या नेमकेपणात आहे. पंपाचा दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. डोळ्यांना न दिसणारी धूळ या फटीत गेली की पोलादावर ओरखडे उठतात आणि पंपाचा दाब कायमचा उतरतो. पंप दुरुस्तीचा खर्च फिल्टरच्या किमतीच्या अनेक पट असतो. गोंदियात धूळ धानाच्या मळणीची असते, खडीच्या रस्त्याची असते, आणि ती डिझेलमध्ये शिरायला एक सोपी वाट असते. ट्रॅक्टर आणि पंपासाठी आणलेले डिझेल घरी प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवले जाते, त्याचे झाकण हरवलेले असते, आणि कधी तेच डिझेल गाडीच्या टाकीत ओतले जाते.

धुळीहून घातक पाणी. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री थंडावते आणि टाकीच्या आतल्या पत्र्यावर दव साचते. डिझेलची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.८२ च्या आसपास, म्हणून पाणी तळाशी बसते. ते पंपात गेले तर गंज चढतो. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि काळपट चिकट साका तयार होतो. नवा फिल्टरही तो थोड्या दिवसांत बुजवतो. त्यामुळे फिल्टरचे वाटगे उघडण्याआधी त्याच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे बाटली तशीच ठेवावी. तळाला पाण्याचा थर दिसला, तर नवा फिल्टर बसवण्याआधी टाकीचा तळ मोकळा करणे गरजेचे आहे.

थंडीत गाडी सुरू न होण्याचे आणखी एक कारण संभवते. डिझेलमध्ये मेण असते. गारठ्यात त्याचे बारीक स्फटिक होतात आणि फिल्टरचा कागद तुंबतो. भारतीय मानक आयएस १४६० नुसार हिवाळ्यातले डिझेल ६ अंश सेल्सियसपर्यंत आणि उन्हाळ्यातले १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाऊ शकले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा विदर्भात बऱ्याचदा सर्वांत खाली असतो. उन्हाळ्यात भरलेले डिझेल टाकीत तसेच राहिलेली, क्वचित चालणारी गाडी अशा पहाटे अडखळली तर दोष फिल्टरचा नसतो. ऊन वर आले की ती चालू होते.

फिल्टर बदलताना होणाऱ्या चुकांत रबरी रिंगची चूक सर्वांत जास्त होते. जुना फिल्टर काढला की त्याची रिंग पुष्कळदा वरच्या बिडाच्या भागालाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर नव्या रिंगसह आवळला, तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात आणि कितीही आवळले तरी फट राहते. म्हणून वरचा भाग स्वच्छ फडक्याने पुसून, बोटाने चाचपून पाहावा. नव्या रिंगला डिझेलचे बोट लावावे म्हणजे ती मुरडत नाही. बोल्टखालचे तांब्याचे वॉशर एकदा दबले की कडक होतात, ते नवे घालणे उत्तम. नवे मिळत नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की तांबे पुन्हा मऊ पडते. ही जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. ट्रक-जीपमध्ये दोन वाटग्यांची जोडी असेल, तर पहिला भाग मोठी घाण अडवतो आणि दुसरा कागदी भाग बारीक गाळतो. दोन्ही एकाच वेळी उघडले तर हवाही दुप्पट शिरते. तरीही एकच बदलून दुसरा तसाच ठेवण्यात फायदा नाही.

नवा फिल्टर रिकामा बसवण्यापेक्षा स्वच्छ डिझेलने भरून बसवला, तर हवेचा मोठा भाग सुरुवातीलाच टळतो. इथे काळजी एका गोष्टीची. डब्यासारख्या फिल्टरला कडेची लहान छिद्रे आणि मधले मोठे छिद्र असते. सर्वसाधारणपणे कडेच्या छिद्रांतून डिझेल आत येते आणि गाळून मधल्या छिद्राने बाहेर पडते. म्हणून ओतायचे ते कडेच्या छिद्रांत. मधून ओतलेले डिझेल न गाळता थेट पंपात जाते आणि फिल्टर बदलण्याचा हेतूच बुडतो.

आता हवा काढण्याचे काम. त्याचा क्रम डिझेलच्या वाटेनेच जातो, टाकीजवळून नोझलकडे. आधी टाकीत पुरेसे डिझेल आहे का ते पाहावे, कारण उतारावर उभी गाडी आणि तळाला गेलेले डिझेल या जोडीने अनेकांचा अख्खा दिवस वाया घालवला आहे. मग फिल्टरच्या माथ्यावरचा हवा काढायचा लहान स्क्रू दोन वेढे सैल करावा. फीड पंपावर काळी गोल मूठ असते. ती उलटी फिरवली की सुटते आणि दट्ट्यासारखी वर-खाली करता येते. काही गाड्यांत ही सोय फिल्टरच्या माथ्यावर दाबायच्या बटणासारखी असते, काहींत फीड पंपाला बाजूने लहान खटका असतो. खटका हलका लागतो आणि डिझेल ओढत नाही, अशा वेळी पंप बिघडला असे समजू नये. इंजिनाचा कॅम नेमका खटका दाबून थांबलेला असू शकतो. इंजिन एक वेढा फिरवले की खटक्याला पुन्हा जोर येतो.

मूठ मारत राहिल्यावर स्क्रूजवळून आधी नुसती हवा फुसफुसते, मग फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल. फेस दिसला की काम झाले असे वाटते, आणि नेमके तिथेच घाई नडते. बुडबुडा अजिबात नसलेली सलग धार येईपर्यंत मूठ मारावी आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हात थांबवून आवळला तर शेवटच्या क्षणी थोडी हवा परत आत ओढली जाते. फिल्टरचा माथा बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो, तिथे जोर लावला तर आटे जातात आणि मग हवा कायमचीच शिरत राहते. यानंतर मुख्य पंपावरच्या स्क्रूपाशी हीच कृती करावी. शेवटी मूठ खाली दाबून पुन्हा फिरवून घट्ट बसवावी. ती सैल राहिली तर हवा तिथूनच आत येते.

मुख्य पंप कोणत्या प्रकारचा आहे, यावरून पुढची कृती थोडी बदलते. ज्यातून पोलादी नळ्या एका ओळीत निघतात तो सरळ रांगेचा पंप. जुने ट्रक, ट्रॅक्टर आणि काही जीपगाड्यांत तो असतो, त्याचा खालचा भाग तेलात चालतो आणि तो बराच सोसतो. ज्यातून नळ्या गोलाकार निघतात तो फिरता पंप. त्याच्या आतले सगळे भाग डिझेलनेच वंगण घेतात, म्हणून तो कोरडा फार वेळ फिरवणे म्हणजे त्याला झिजवणे. डिझेल पोचले नसताना अशी गाडी चार माणसांनी धक्का मारून किंवा ट्रॅक्टरला बांधून लांबवर ओढत नेऊ नये. या पंपावर चावी फिरवल्यावर 'टक्' वाजणारा एक विजेचा खटकाही असतो. तो उघडला तरच डिझेल पुढे जाते. फिल्टर बदलताना त्याची तार सुटलेली असणे अशक्य नाही. ती तपासायला एक मिनिट पुरते. स्टॉप केबलच्या गाडीत केबल ओढलेली राहिली नाही ना, हेही पाहावे.

इतके झाल्यावर बऱ्याच गाड्या चालू होतात. नाही झाली, तर धुराड्याकडे पाहावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, फक्त पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग, बॅटरीचा जोर किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशन यांकडे वळावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेल वाटेतच अडले आहे आणि उरलेली हवा जाड नळ्यांत आहे. मग नोझलकडच्या टोकाचे नट अर्धा-एक वेढा सैल करायचे, नोझलचे अंग दुसऱ्या पान्याने धरून. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने नटांकडे लक्ष ठेवायचे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती हवी. नटाभोवती फेस येतो, मग प्रत्येक फटक्याला स्वच्छ डिझेल उसळू लागते. तो नट आवळायचा. दोन-तीन नट आवळेपर्यंत इंजिन पुष्कळदा आपणच पकड घेते, सुरुवातीला एका पायावर लंगडत, आणि शेवटचा नट आवळताच सूर लागतो.

या कामात हात आणि डोळे सांभाळणे आवश्यक आहे. नोझलमधून किंवा तडकलेल्या नळीतून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. बाहेर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत मांस मरू लागते. अशी इजा झाली तर दुखो न दुखो, तातडीने रुग्णालयात जावे. गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठा धरून शोधावी. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही हे खरे, पण मानकाप्रमाणे त्याचा प्रज्वलनांक ३५ अंशांच्या वर असावा एवढीच अट आहे, आणि मे महिन्यात गोंदियाचे तापमान त्याच्या किती वर जाते हे सर्वांना माहीत आहे. बिडी लांब ठेवावी. इथरचा फवारा किंवा पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरून इंजिन पेटवण्याची सवय तर अजिबात नको. हीटर प्लग तापलेले असताना त्याने भडका उडतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि हवा जिथे होती तिथेच राहते.

वर सांगितलेली नट सैल करण्याची रीत फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे. १९९७ पासून मोटारींमध्ये आलेल्या कॉमन रेल इंजिनात नळ्यांचा दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथे नटाला हात लावू नये.

गाडी सुरू होऊन एक-दोन मिनिटांत बंद पडते, हा प्रकार सर्वांत जास्त चकवतो. पंपात उरलेल्या डिझेलवर ती तेवढी चालते आणि मागून पुन्हा हवा येते. म्हणजे कुठेतरी फट आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची आहे, तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून नळी कोरडी दिसते आणि संशय तिच्यावर जात नाही. जुन्या रबरी नळीला क्लिपखाली पडलेली चीर, गंजलेली लोखंडी नळी, फिल्टर बदलताना हललेला सांधा, यांपैकी काहीतरी असते. इंधनात गंधकाचे प्रमाण १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाखांत दहा भागांवर आले. हे हवेसाठी चांगलेच झाले, पण गंधक काढताना डिझेलची घडण बदलते आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची रबरी सीले त्यात आकसून झिरपू लागू शकतात. जुन्या पंपाची सीले बदलताना हे ध्यानात घ्यावे.

फट कुठे आहे ते शोधण्याची एक सोपी चाचणी आहे. स्वच्छ डिझेलचा लहान डबा बोनेटला उंचावर बांधावा आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी. गाडी आता न थांबता चालली, तर दोष मागे, म्हणजे टाकीकडच्या नळीत. तरीही बंद पडली, तर दोष पुढे, फिल्टर वा पंपापाशी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले असले तरी गाडी अशीच काही मिनिटांनी दम टाकते. झाकण उघडताच 'सूं' असा आवाज आला की कारण सापडले.

इंजिन चालू झाल्यावर पाचेक मिनिटे ते थोड्या जास्त वेगात ठेवावे, म्हणजे उरलेले बारीक बुडबुडे परतीच्या नळीने टाकीत निघून जातात. तोवर थोडा ठोका आणि पांढरट धूर राहतो. सांडलेले डिझेल पुसून घ्यावे, रबरी नळ्या आणि पट्ट्यांवर ते राहू देऊ नये. काढलेला फिल्टर आणि त्यातले गढूळ डिझेल बांधीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. इंजिन गरम झाल्यावर फिल्टरचा मधला बोल्ट एकदा तपासावा, आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला लागली, तर वाट बंद आणि भरलेली आहे. बराच वेळ फिरवावे लागले, तर रात्रीत डिझेल कुठल्या तरी फटीमुळे टाकीकडे परत उतरले आहे आणि शोध पुन्हा ओढीच्या नळीपासून सुरू करायचा.